परदेशी सुपरहीरो आणि नोंदणीचा कायदा

मार्व्हल कॉमिक्सच्या ‘सिव्हिल वॉर’ (२००६-०७) या सात अंकी कथेत अमेरिकी संसद ‘सुपरह्युमन रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट’ मंजूर करते. निमित्त घडते कनेटिकटमधल्या स्टॅम्फर्ड इथे. रिअ‍ॅलिटी शोच्या चित्रीकरणासाठी काही तरुण सुपरहीरो नायट्रो या खलनायकाला पकडायला जातात, तो स्फोट घडवतो आणि शाळकरी मुलांसह सहाशेच्या वर माणसे मरतात. त्यानंतर अचाट शक्ती असलेल्या प्रत्येकाने खरे नाव सरकारदरबारी नोंदवायचे आणि सरकारच्या हुकमतीत काम करायचे, नाहीतर तुरुंगात जायचे, असा कायदा होतो. आयर्न मॅन त्याच्या बाजूने उभा राहतो, कॅप्टन अमेरिका विरोधात. मार्क मिलर यांनी लिहिलेली ही कथा लोकांच्या लक्षात राहिली ती या दोघांच्या हाणामारीमुळे. कायद्याचा खरा पेच मात्र आसपासच्या मालिकांत सापडतो: जो अमेरिकेचा नागरिकच नाही, त्याचे काय करायचे?

परक्यांची नोंदणी अमेरिकेला नवी नव्हती. १९४० च्या ‘एलियन रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट’ने चौदा वर्षांवरच्या परदेशी रहिवाशांना नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले होते. पण तो कायदा हातात हातोडा घेऊन येणाऱ्या देवासाठी लिहिलेला नव्हता. २००७ मध्ये जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांच्या ‘थॉर’ मालिकेत आयर्न मॅन न्यू ऑर्लिन्समध्ये जाऊन थॉरला नोंदणी करायला सांगतो. थॉर आधीच भडकलेला असतो, कारण त्याच्या पेशींपासून बनवलेली प्रतिकृती त्याला न विचारता या युद्धात उतरवलेली असते. आयर्न मॅन सपाटून मार खातो आणि मगच त्याला कायद्यातली पळवाट सुचते. ओक्लाहोमातली थॉरची अस्गार्ड नगरी जमिनीला टेकलेली नाही, तरंगते आहे. तेव्हा तिला परकीय वकिलातीसारखे मानावे आणि तिथल्या रहिवाशांना राजनैतिक संरक्षण द्यावे! सरकारी अब्रू झाकण्याचा इतका विनोदी नमुना कॉमिक्समध्ये क्वचितच सापडेल.

उलट प्रवासही झाला. ‘फॅन्टास्टिक फोर’मधला बेन ग्रिम कोणतीच बाजू न घेता सरळ फ्रान्सला निघून गेला.

याच कथेवर बेतलेल्या २०१६ च्या चित्रपटात या कायद्याच्या जागी ११७ देशांचा सोकोव्हिया करार आला आणि भेदभाव उघडा पडला. वाकांडा या काल्पनिक देशाचा सुपरहीरो टीचाला बुखारेस्टमध्ये पकडला जातो, पण लवकरच मोकळा फिरू लागतो. सोकोव्हिया या तशाच काल्पनिक देशातल्या वांडा या नायिकेला मात्र टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, सुपरहीरोंच्या तळाच्या आवाराबाहेर पडू देत नाही. ती अमेरिकेची नागरिक नाही आणि तिच्यासारखीला व्हिसा मिळणार नाही, हे त्याचे कारण. पुढे तिची रवानगी समुद्रातल्या तुरुंगात होते. परदेशी दोघेही आहेत, पण एकाच्या मागे श्रीमंत राष्ट्र आहे आणि दुसरीचा देश आधीच्या एका चित्रपटात उद्ध्वस्त झालेला आहे. वांडाची सुटका होते ती कॅप्टन अमेरिका तुरुंगात शिरतो म्हणून. सोकोव्हियाचा एकही अधिकारी तिच्यासाठी पुढे येत नाही.