पडण्याचे भय आणि पिकलबॉल



गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. वय अडुसष्ट, गुडघ्यांची थोडी कुरकुर, रक्तदाबाची एक गोळी. एरवी प्रकृती उत्तम. सोबत सूनबाई होत्या. बाईंनी पिशवीतून एक छोटी फळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. टेबल टेनिसच्या बॅटीपेक्षा मोठी, टेनिसच्या रॅकेटपेक्षा लहान. म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या आळीतल्या बॅडमिंटनच्या जागेवर सकाळी पिकलबॉल सुरू झाला आहे. मी खेळू का?" त्यांचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच सूनबाईंनी विचारले, "आणि पडल्या तर?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. उत्तर देताना मला माझीच एक जुनी चूक आठवली, ती आधी सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी नारळी-पोफळीची वाडी स्वतः राखणारे एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ पाटाच्या कडेला घसरून पडले. हाड मोडले नव्हते. मी मुलांना बजावले, "आता यांना जपा. वाडीत पाठवू नका." मुलांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. आजोबा सहा महिने झोपाळ्यावर बसून राहिले. त्यांच्या मांड्या वाळल्या, पाय टाकण्यातला विश्वास गेला. एके रात्री न्हाणीघराकडे जाताना ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते पूर्वीसारखे चालले नाहीत. पडू नयेत म्हणून मी त्यांना बसवले. पण बसवल्यामुळेच त्यांचे पडणे जवळ आले, असे मला आज वाटते. विश्रांतीचा सल्ला हेही एक औषधच आहे आणि त्याचीही मात्रा चुकू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. पासष्टीपुढच्यांनी त्यातच आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचालींचा समावेश करावा. नुसत्या सरळ चालण्याने तोलाची कसोटी लागत नाही. बाजूला पाऊल टाकणे, थांबणे, किंचित वाकणे, हात लांबवणे या गोष्टी खेळात आपोआप होतात.

'पिकल' म्हटल्यावर पुष्कळांना बरणीतले लोणचे आठवते. त्याचा येथे संबंध नाही. १९६५ साली अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांनी घरच्या मंडळींची करमणूक व्हावी म्हणून जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ रचला. आपल्याकडे तो रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. परदेशात पाहिलेला हा खेळ त्यांनी येथे आणला आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटनेची स्थापना केली.

ज्येष्ठांना हा खेळ मानवतो, कारण धावपळ कमी असते. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. जाळी कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच, म्हणजे साधारण कमरेएवढी. चेंडू प्लास्टिकचा, भोके पाडलेला आणि हलका. तो टेनिसच्या चेंडूसारखा अंगावर धावून येत नाही. सर्व्हिस कमरेखालून, समोरच्या तिरक्या चौकोनात करायची, म्हणजे दुखऱ्या खांद्याला डोक्यावर हात उचलावा लागत नाही. सर्व्हिस आणि तिचा परतावा, हे दोन्ही चेंडू एकेक टप्पा पडल्यावरच मारायचे. जाळीलगतच्या दोन्ही बाजूंच्या सात फुटांच्या पट्ट्याला 'किचन' म्हणतात. त्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. (जन्मभर ज्यात राबलो ते इथेही सुटले नाही, असे आमच्या बाई हसत म्हणाल्या.) डाव बहुधा ११ गुणांचा असतो आणि जिंकण्यास दोन गुणांची आघाडी लागते.

आपल्या आळीत सुरुवात करायची असेल, तर वेगळे कोर्ट बांधण्याची गरज नाही. बॅडमिंटनची आखणी असेल तर जाळी खाली उतरवावी आणि किचनची रेघ चुन्याने नव्याने मारावी, कारण बॅडमिंटनची पुढची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि येथे सात फूट लागतात. चार पॅडल आणि चार चेंडू एवढ्यावर आठ-दहा जणांना आळीपाळीने खेळता येते. पृष्ठभाग मात्र नीट पाहावा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावरही सिमेंटवर शेवाळाचा पातळ थर राहतो, तो घासून काढावा. सारवलेले ओले अंगण किंवा पुळणीची वाळू या खेळाला चालत नाही. वेळ सकाळची उत्तम. तेव्हा मतलई वारे मंद असतात. दुपारकडे खारे वारे जोर धरू लागले की हलका चेंडू भलतीकडे जातो आणि त्याच्या मागे धावताना माणूस पडतो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि तहान उशिरा लागते, म्हणून दर डावानंतर चार घोट पाणी प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मैदानात उतरण्यापूर्वी घरीच दोन चाचण्या करा. मदतीला कोणीतरी जवळ उभे असावे. पहिली अशी: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन, तीस सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजा. दहा-बारा वेळा जमले तर पायांत पुरेसे बळ आहे. दुसरी: ओट्याशेजारी उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळा. या जमत नसतील तर निराश होऊ नका. हाच व्यायाम रोज दोनदा, चार-सहा आठवडे करा आणि मग खेळाकडे वळा.

पुढील व्यक्तींनी मात्र डॉक्टरांना भेटल्याशिवाय पॅडल हाती घेऊ नये: चालताना छातीत दडपण किंवा धाप लागणारे, गेल्या वर्षात भोवळ येऊन पडलेले, अँजिओप्लास्टी किंवा सांधेबदल झालेले, हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेले, आणि ज्यांचा रक्तदाब १८० किंवा ११० च्या वर राहतो ते. औषधांचाही विचार हवा. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, म्हणून नाडीवरून श्रम मोजू नयेत. खेळताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे, हाच मापदंड ठेवावा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना वाकून चटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्यांनी चेंडू दुसऱ्याला उचलू द्यावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. साखर १०० च्या खाली असेल तर काही खाऊन जावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल आणि डोके आपटले, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खेळातली बहुतेक दुखणी तीन चुकांतून येतात. पहिली, उलट्या पावली धावणे. डोक्यावरून गेलेला चेंडू जाऊ द्यावा. गुण गेला तर पुन्हा मिळतो. दुसरी, चपला किंवा सँडल घालून खेळणे. बाजूच्या हालचालीत पाऊल धरून ठेवणारे, सपाट तळाचे बॅडमिंटनचे बूट घालावेत. तिसरी, अंग न तापवता सुरुवात करणे. आठ-दहा मिनिटे चालणे, घोटे व खांदे फिरवणे, टाचा उचलणे एवढे तरी करावेच. टाचेमागची शिर उतारवयात ताठर झालेली असते. गार अंगाने एकदम झेप घेतली तर ती तुटू शकते. दुहेरीत खेळताना 'माझा' असे मोठ्याने म्हणण्याची सवय लावा, म्हणजे दोघे एकमेकांवर आदळणार नाहीत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यास अधिक चांगले.

पहिल्या पंधरवड्यात गुण मोजूच नयेत. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे, किचनच्या रेघेमागे उभे राहून नुसता चेंडू हळुवार पलीकडे टाकावा. तिसऱ्या आठवड्यात एक डाव, महिन्यानंतर दोन. दुसऱ्या दिवशीही सांधा सुजलेला किंवा दुखरा राहिला तर मात्रा जास्त झाली असे समजावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अचानक तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर 'जरा बसतो, बरे वाटेल' असे म्हणू नये. खेळ थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक गटातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

आता काळजी घेणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांना दोन शब्द. तुमचे भय मायेतूनच येते, हे मी जाणतो. पण 'नको' म्हणणे सोपे असते आणि त्याचे बिल उशिरा येते. त्याऐवजी पहिला आठवडा सोबत जा. पायाखालची जागा पाहा, बुटांच्या नाड्या पाहा, पाण्याची बाटली आणि औषधांची यादी पिशवीत आहे ना ते पाहा. मग थोडे दूर उभे राहा.

त्या शिक्षिकाबाईंना मी याच अटींवर परवानगी दिली. खुर्चीवरून त्या पहिल्या दिवशी आठ वेळा उठल्या होत्या. पाच आठवडे घरी सराव करून, बारा वेळा उठून दाखवल्यावरच त्या मैदानात उतरल्या. परवा रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा पुन्हा सूनबाई सोबत होत्या; मात्र या वेळी तक्रार सूनबाईंची होती. त्यांचे मनगट दुखत होते. "दुहेरीला चौथे माणूस कमी पडत होते," त्या जरा संकोचून म्हणाल्या. मी त्यांना चार दिवस विश्रांती सांगितली. चारच दिवस, अधिक नाही.