भिंतीला लाकडाचा सदरा कशाला?

हल्ली गोव्यात कुणाचं नवं घर बघायला गेलं की एक तरी भिंत लाकडी फळ्यांनी मढवलेली दिसतेच. टीव्हीमागे उभ्या पट्ट्या, पलंगामागे व्हेनियर, कुठे तर जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या! दिसतं छान, नाही म्हणत नाही. पण आपल्या हवेत पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीला लाकूड चिकटवणं म्हणजे पैसे देऊन ओल पाळणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही पद्धत मुळात थंड मुलुखांतली. इंग्लंडमधल्या दगडी भिंती हिवाळ्यात गारठतात. खोलीतली ऊब टिकावी म्हणून तिथल्या लोकांनी भिंतींना ओकच्या फळ्या लावल्या. त्यांना ते शोभतं, कारण त्यांची ती गरज होती. आपल्याला ऊब कोंडायची नसते, बाहेर घालवायची असते. त्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपला चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. भिंत ओलावणारच. प्रश्न एवढाच की ती सुकणार कशी?

फळी घट्ट ठोकली की सुकायची वाट बंद. मग मागे बुरशी धरते, एमडीएफ फुगतो, अस्सल सागवानाच्या फळ्यासुद्धा रुंदीत फुगून एकमेकींना रेटतात. आणि वाळवी? ती जमिनीतून मातीची नळी करीत वर चढते. उघड्या भिंतीवर ती नळी दिसते, वेळीच इलाज करता येतो. फळीमागे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. एका परिचितांकडे चकचकीत पॅनेलचा कोपरा मी सहज दाबला, तर बोट आत गेलं! वरचं पॉलिश मात्र जसंच्या तसं.

आपल्या जुन्या घरांत लाकूड कमी होतं का? वासे, रिपा, राजांगणाभोवतीचे खांब, भक्कम दारं, शिंपल्यांची तावदानं बसवलेल्या खिडक्या, मोठ्या घरांतली लाकडी छतं... फणस, सागवान, किंदळ, माड, सगळं वापरलं. पण ते जिथे वारा खेळेल आणि मेस्ताचा हात पोचेल अशा जागी. भिंतीला मात्र चुना. सजवायचीच झाली तर कावी होतीच. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. काही देवळांत आजही ती बघायला मिळते. नक्षी गिलाव्यातच असल्यामुळे भिंतीवर वेगळं झाकण येत नाही.

आणखी एक. चवथीआधी घर रंगवायची आपली रीत. त्या निमित्ताने दरवर्षी भिंतीचा कोपरान्‌कोपरा डोळ्यांखालून जायचा; कुठे ओल आली, कुठे तडा गेला ते कळायचं. फळ्यांनी झाकलेल्या भिंतीची ही वार्षिक तपासणीच बंद होते.

मग लाकूड लावायचंच नाही? लावा की! पण घर नवं असेल तर आधी एक पावसाळा जाऊ द्या आणि भिंत कुठे ओलावते ते बघा. बाहेरची भिंत सोडून दोन खोल्यांमधली भिंत निवडा. फळी आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवा, खाली-वर हवेला वाट ठेवा. फळीची मागची बाजू आणि कडा यांनाही पॉलिश करून घ्या. आणि स्क्रूने बसवा, म्हणजे दोन वर्षांतून एकदा काढून मागे डोकावता येईल. एवढं करायला जो तयार नाही त्या कंत्राटदाराला नमस्कार करून परत पाठवा.

खरी खंत वेगळीच आहे. जुनं घर पाडलं की त्याची दारं, तुळया भंगाराच्या भावात जातात. त्याच चिरून काढलेल्या फळ्या मग 'रस्टिक लुक' म्हणून दामदुप्पट भावाने कुणाच्या तरी भिंतीवर चढतात. पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढलेलं लाकूड ओल्या भिंतीला चिकटवून कुजवायचं, ही कसली हौस? तसं दार मिळालं तर ते दार म्हणूनच बसवा. बिजागऱ्या नव्या घाला, वर्षाकाठी तेलाचा हात फिरवा. नातवंडंही तेच दार उघडतील.