भिवंडीची 'एकगठ्ठा' मते

भिवंडीचे नाव निघाले की वर्तमानपत्रवाले ठरलेले लिहितात : मुस्लिमबहुल शहर, एकगठ्ठा मतदान. आम्हा कापडवाल्यांना याचे हसू येते. ज्याने तेथे सूत विकले आहे, ग्रे कापड उचलले आहे, त्याला ठाऊक आहे की येथील मुसलमान हा एक ठोक माल नव्हे.

कोकणी मुसलमान हे जुने रहिवासी. जमीनजुमला पुष्कळसा त्यांचा, बोली कोकणी. मोमीन अन्सारी उत्तर प्रदेशच्या विणकर घराण्यांतून आलेले, भाषा उर्दू. मागावर उभा राहणारा कारागीर बहुधा एकटा; कुटुंब गावी आणि अनेकांचे मतही गावीच. शिवाय तेलुगू पद्मशाली, आसपासच्या गावांतले आगरी, सूत-कापडाच्या पेढ्यांवरचे गुजराती-मारवाडी. धंद्यात हे सर्व उभ्या-आडव्या धाग्यांसारखे गुंतलेले. मारवाड्याचे सूत, मोमीनचा माग, कोकण्याचा गाळा! निवडणूक आली की मात्र जो तो आपल्या बिरादरीची डोकी मोजतो.

2017 साली महापालिकेच्या 90 पैकी 47 जागा काँग्रेसला मिळाल्या. चांगले बहुमत. पण डिसेंबर 2019 मध्ये तिचे 18 नगरसेवक फुटले आणि अवघे 4 नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीचा महापौर झाला. कोठे गेला तो गठ्ठा? हकीकत ही की, मोहल्ल्याने आडनाव पाहून मत दिले, कामाचे काही ठरवलेच नाही. शंभर ताग्यांचा सौदा करताना आपण पन्हा, वजन, मुदत सारे बोलून घेतो. नगरसेवकाशी असा सौदा कोण करतो?

सप्टेंबर 2020 मध्ये पटेल कंपाऊंडमधील इमारत रात्री कोसळली, 35 हून अधिक माणसे दगावली. धोकादायक इमारती तपासणे, त्या रिकाम्या करवणे हे महापालिकेचे काम. बिरादरीच्या बैठकीत हा विषय निघतो का?

याच शहराने वेगळेही करून दाखविले आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. तेथे हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठका गल्लीच्या होत्या, बिरादरीच्या नव्हत्या. वॉर्डातल्या उमेदवाराला अशाच बैठकीत बोलवावे. कोकणी, मोमीन, पद्मशाली सारे समोर असू द्यात, आणि गटार, पाणी, बिमांचा टेम्पो रुततो तो रस्ता, यांची मुदत त्याच्याकडून सर्वांदेखत लिहून घ्यावी.