स्वस्त काय झालें : गुण कीं न्याय?

सुशिक्षितांच्या बैठकींत अलीकडे एक वाक्य फार प्रतिष्ठा पावलें आहे : ‘ऑनलाइन शिकलेल्या मुलांचे गुण ते कसले! घरीं बसून, पुस्तक उघडें टाकून मिळविलेले!’ हें वाक्य उच्चारणाऱ्या गृहस्थांपैकीं किती जणांची पदवी परीक्षेच्या आदल्या रात्रीं वाचलेल्या गाइडाच्या पुण्याईवर उभी आहे, हा प्रश्न आम्ही सभ्यतेस्तव विचारीत नाहीं. पण या वाक्यामागें जो न्याय दडलेला आहे तो तपासून पाहणें अवश्य आहे. कारण विद्यार्थ्यांनीं आपल्या गुणांविषयीं किंवा अभ्यासाच्या ओझ्याविषयीं तोंडांतून ‘ब्र’ काढला कीं हेंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेंकण्यांत येतें.

मार्च 2020 मध्यें महाविद्यालयांना कुलपें लागलीं. 29 एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगानें अशी वाट दाखविली कीं, मधल्या वर्षांतील विद्यार्थ्यांस निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावरून आणि निम्मे मागील सत्रावरून द्यावे. म्हणजे मागील सत्रांत जो आजारी पडला, त्याचा ताप या सत्राच्या गुणपत्रिकेसहि चढला! श्रेणी सुधारण्यासाठीं पुढें परीक्षा देण्याची मुभा होती, हें आम्ही लपवीत नाहीं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची स्थिति याहून चमत्कारिक. परीक्षा नको असें महाराष्ट्र सरकार म्हणे. झालीच पाहिजे असें आयोग 6 जुलैला म्हणाला. आणि परीक्षेवांचून पदवी नाहीं असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें 28 ऑगस्टला दिला. तोंपर्यंत अभ्यास करावा कीं नोकरी शोधावी हें त्या मुलांनीं कोणास विचारावें? अखेर जी परीक्षा झाली ती बहुतेक ठिकाणीं घरबसल्या, चार पर्यायांतून एक निवडण्याची. प्रश्न असा घालावयाचा कीं ज्याचें उत्तर पुस्तकाच्या पानावर बोट ठेवतांच सांपडावें, आणि मग मुलानें बोट ठेवलें म्हणून त्याच्या प्रामाणिकपणाचें श्राद्ध घालावयाचें, ही कोणती रीत? नक्कल करणाराची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. परंतु ज्यानें नक्कल केली नाहीं त्याच्याहि गुणांवर जो बट्टा बसला, तो कोण भरून देणार?

सर्वांना प्रश्न एकच, वेळ एकच, म्हणून न्यायहि एकच, असें म्हणणारे भेटतात. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत भारतांतील शंभर कुटुंबांपैकीं सुमारें 24 कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. शहरांत 42, खेड्यांत जेमतेम 15. संगणक तर देशांत शंभरांमागें अकराच घरीं. रेंज मिळावी म्हणून कोकणांत डोंगरावर बसून अभ्यास करणाऱ्यांच्या बातम्या आपण 2020 सालीं चहाबरोबर वाचल्या आणि ‘काय जिद्द!’ म्हणून मान डोलावली. मान डोलावण्यास कांहीं पडत नाहीं. त्या डोंगरावरून पेपर अर्धवट गेला तर पुढें काय, याचा नियम करण्यास मात्र कष्ट पडतात.

हें सारें साथीबरोबर संपलें असें कोणी समजूं नये. 2021 च्या नियमांनीं एका सत्रांतील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून पुरे करण्याची वाट मोकळी केली आहे. आतां ओझ्याचा हिशेब पाहा. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें वर्षाचे 40 श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 1200 तास. एका सत्राला 600. पंधरा आठवड्यांचें सत्र धरलें तर आठवड्याला 40. हिशेब उत्तम आहे. फक्त तो कोणी ठेवीत नाहीं! वर्गांत घंटा होई आणि प्राध्यापकांस थांबावें लागे. मागच्या बाकावरील जांभईहि त्यांस कांहीं सांगत असे. ऑनलाइन वर्गास घंटा नाहीं. सहा विषयांचे सहा प्राध्यापक, आणि प्रत्येकास आपला विषय हाच काय तो विद्यार्थ्याचा संसार! एकाचा ध्वनिमुद्रित तास, दुसऱ्याची प्रश्नमंजूषा, तिसऱ्याची असाइनमेंट, आणि तीहि रात्रीं बारापर्यंत अपलोड झाली पाहिजे. सहांची बेरीज करण्याचें काम कोणाचेंच नाहीं. प्राध्यापकांवर आमचा राग नाहीं. ढीगभर उत्तरपत्रिका मोबाइलच्या कांचेवर तपासणाऱ्याचे डोळेहि माणसाचेच असतात. त्यांचेंहि ओझें मोजा, असें आम्ही म्हणूं.

विद्यार्थ्यांचें मागणें तरी काय आहे? गुण कशाला किती मिळणार हें आधीं सांगा. तपासलेला कागद शेऱ्यासह दाखवा. आणि साऱ्या विषयांचें काम एका ठिकाणीं मोजा. यांत फुकटचा एक गुणहि मागितलेला नाहीं.

आमच्या नात्यांतील एका मुलीची असाइनमेंट रात्रीं अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनीं अपलोड झाली, आणि गुणपत्रिकेंत ‘गैरहजर’ असा शेरा आला. वेळेची नोंद दाखविणारें पडद्याचें छायाचित्र जोडून तिनें महाविद्यालयाकडे अर्ज केला. उत्तर आलें, ‘प्रणालींत नोंद नाहीं.’ या प्रणालीचा परीक्षक कोण, आणि तो कोणत्या खोलींत बसतो, असें तिनें पुन्हां लिहून विचारलें. सत्र संपलें, तिचा हा दुसरा अर्ज अजून विचाराधीन आहे.