विकणारे बरेच, उभे राहणारे थोडे

ब्रायटनच्या फुटबॉल क्लबचे कौतुक आता पुरे झाले, असा सूर अलीकडे आपल्याकडच्या क्रीडालेखनात लागू लागला आहे. या सुराच्या एका ज्येष्ठ पुरस्कर्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हा क्लब म्हणजे दुकान. स्वस्तात पोरे उचलायची, दोन वर्षे मिरवायची, मोठे गिऱ्हाईक आले की विकायची आणि गल्ला मोजायचा. मालक श्रीमंत जुगारी, डोके संगणकाचे आणि एवढे करून कपाटात मोठा करंडक एकही नाही. आज ना उद्या साउदॅम्प्टनसारखे हेही बुडणार. मध्यम क्लबांनी असल्या नादी न लागता गावची पोरे गावासाठी खेळवावीत, खरा फुटबॉल तोच.

लिखाण ठसक्यात आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. प्रीमियर लीगसाठी रात्री जागवणारी आपली तरुण मंडळी असले वाचतात आणि क्लब कसा चालतो याविषयी चुकीचे धडे घेतात.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढू. करंडक नाही, हे खरे. १९८३ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला २-२ रोखून ब्रायटन फेरसामन्यात हरले, त्यापुढे मजल गेलेली नाही. पण वीस संघांच्या लीगमध्ये विजेता एकच असतो. उरलेले एकोणीस नापास ठरवणाऱ्याला फुटबॉल पाहायचाच नाही. मालकाचा पैसा म्हणाल, तर टोनी ब्लूम यांनी क्लबला सुमारे ४० कोटी पौंड कर्जाऊ दिले, त्यात स्टेडियमही उभे राहिले. पण त्याच काळात एव्हर्टनच्या मालकानेही पाण्यासारखा पैसा ओतला, आणि तो संघ २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे तळाशी जीव वाचवत होता. पैसा लागतोच. पण नुसत्या पैशाने क्लब उभा राहत नाही.

संगणकाचा आक्षेप जरा सविस्तर पाहू. ब्लूम यांची आकडेमोड करणारी कंपनी आहे, तिच्या माहितीचा क्लबला उपयोग होतो, हे जगजाहीर आहे. पण आकड्यांनीच सगळे साधत असते तर अलिरझा जहानबख्श फसला नसता. हॉलंडच्या लीगमध्ये २१ गोल करून तो २०१८ साली त्या वेळच्या विक्रमी किमतीत ब्रायटनला आला आणि पहिल्या लीग हंगामात त्याला एकही गोल करता आला नाही. त्याच वर्षी जानेवारीत आलेला युर्गेन लोकाडियाही टिकला नाही. आकड्यांचा सर्वांत मोलाचा उपयोग क्लबने खरेदीत केलेलाच नाही. तो धीर धरण्यात केला. ग्रॅहम पॉटर यांच्या पहिल्या दोन हंगामांत संघ पंधरावा आणि सोळावा आला. संधी भरपूर निर्माण होत होत्या, गोल होत नव्हते. दुसऱ्या एखाद्या क्लबने मॅनेजरला घरी पाठवले असते. ब्रायटनने आकडे पाहिले, खेळ योग्य दिशेने चालला आहे हे ओळखले आणि माणूस ठेवला. तिसऱ्या हंगामात संघ नववा आला. हा निर्णय संगणकाने घेतलेला नाही, संचालकांच्या खोलीत बसलेल्या माणसांनी घेतला आणि निभावून नेला.

आता मुख्य आरोप: दुकान. तो मात्र मी सहजासहजी सोडणार नाही.

दुकानदार कसा वागतो? चांगला भाव आला की माल देतो. जानेवारी २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. एक्वादोरचा मिडफिल्डर मोइसेस कैसेदो दोनच वर्षांपूर्वी इंदिपेन्दिएन्ते देल वाये या क्लबातून सुमारे ४५ लाख पौंडांत आला होता. आर्सेनलने त्याच्यासाठी ७ कोटींच्या घरात बोली लावली. खुद्द खेळाडूने जाहीरपणे जाऊ देण्याची विनंती केली. सोळा पट भाव समोर, माल जायला उत्सुक, आणि या तथाकथित दुकानदाराने सांगितले: हंगाम संपेपर्यंत नाही. मार्चमध्ये त्याच खेळाडूने नवा करार केला, उरलेला हंगाम जीव तोडून खेळला, संघ ६२ गुणांसह सहावा आला आणि क्लब इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत पोहोचला. ऑगस्टमध्ये तो चेल्सीला गेला, बोनसासह ११ कोटी ५० लाख पौंडांत. तोवर लील क्लबाचा कार्लोस बालेबा हा एकोणीस वर्षांचा कॅमेरूनी मिडफिल्डर हेरून ठेवलेला होता, त्याच महिन्यात तो आला.

सहावे आलेल्या त्या हंगामात ब्रायटनला १२ कोटी २० लाख पौंडांहून अधिक नफा झाला, तो आमच्या प्रतिपक्षींनी गुन्ह्यासारखा मांडला आहे. त्याआधी कित्येक हंगाम तोटा सोसल्याचा उल्लेख मात्र त्यांनी गाळला. हे सोयीचे गाळणे आहे, आणि अभ्यासू म्हणवणाऱ्या लेखकाला ते शोभत नाही.

दुकानात माल गेला की फळी रिकामी होते. इथे काय होते? लेफ्ट बॅक मार्क कुकुरेया २०२२ च्या ऑगस्टमध्ये चेल्सीला गेला, तर त्याच महिन्यात व्हियारेआलहून पेर्विस एस्तुपिन्यान आला. लिआंद्रो ट्रोसारने ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर हॅट-ट्रिक केली आणि जानेवारीत तो आर्सेनलला गेला. त्याची डावी बाजू सांभाळायला काओरू मितोमा आधीच संघात होता.

या मितोमाचा प्रवास सावकाश पाहण्यासारखा आहे. जपानमधला हा विंगर, विद्यापीठात ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिलेला. २०२१ साली कावासाकी फ्रोंताले क्लबातून तो तीसेक लाख पौंडांत आला आणि लगेच ब्रुसेल्सच्या युनियन सेंट जिल्वाझ या क्लबाकडे लोनवर गेला. तिथे वर्षभर युरोपच्या थंडीत, धसमुसळ्या बचावांपुढे शिकला आणि मग ब्रायटनला परतला. २९ जानेवारी २०२३ ला एफए कपमध्ये लिव्हरपूलविरुद्ध सामना १-१ असताना, नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, एस्तुपिन्यानने टाकलेला चेंडू त्याने उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने हलकेच हवेत थोपवला, मारण्याचा नुसता आव आणून बचावपटूला चकवले, पुन्हा तसाच एक स्पर्श केला आणि त्याच पायाने चेंडू जाळ्यात धाडला. पास देणारा कुकुरेयाच्या जागी आलेला, गोल करणारा नुकत्याच गेलेल्या ट्रोसारच्या जागी उभा राहिलेला. गेलेल्यांच्या जागा कशा भरल्या, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आणि गोष्ट खेळाडूंपुरती नाही. ‘मॅनेजर म्हणजेच क्लब’ हा जुना सिद्धांत आमच्या पिढीतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे उगाळला. ब्रायटनने ख्रिस ह्यूटन यांना २०१९ मध्ये दूर केले तेव्हा हीच मंडळी कृतघ्नतेचा ओरडा करत होती. ३४ वर्षांनी संघाला वरच्या लीगमध्ये नेणारा माणूस, त्याला असे वागवतात का, वगैरे. ह्यूटन यांचे ऋण मोठेच आहे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये काय घडले? ब्रायटन चौथ्या स्थानावर असताना चेल्सीने पॉटर आणि त्यांच्या सहायकांचा सगळा ताफा उचलला, दोन महिन्यांत खेळाडू-भरतीचे प्रमुखही नेले. तांत्रिक संचालक डॅन अॅशवर्थ त्याच वर्षी न्यूकॅसलला गेले. दहा दिवसांत रोबेर्तो दे झेर्बी आले. ऑक्टोबरअखेर पॉटर चेल्सीला घेऊन ब्रायटनच्या मैदानावर आले आणि ४-१ हरले. त्या हंगामात ५० कोटी पौंडांहून अधिक खर्चून चेल्सी बारावे, ब्रायटन सहावे. माणसे विकत घेता येतात, पण ज्या व्यवस्थेत ती माणसे घडली ती विकत मिळत नाही, हे त्या एका तक्त्याने सिद्ध केले. दे झेर्बीही २०२४ मध्ये गेले. एकतीस वर्षांचे फाबियान ह्युर्त्सेलर आले, संघ आठवा आला.

राहिला साउदॅम्प्टनचा दाखला. तो आमच्याच बाजूने बोलतो. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी लल्लाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, ल्यूक शॉ असे अर्धे अंग कापून विकले आणि पुढच्या तीन हंगामांत सातवे, सहावे, आठवे आले. म्हणजे विक्रीने ते बुडाले नाहीत. भरतीप्रमुख पॉल मिचेल २०१४ मध्येच टॉटनमला गेले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकच्या विक्रीचे साडेसात कोटी पौंड हातात आले, त्याच महिन्यात महागडा स्ट्रायकर गिदो कारियो घेतला, त्याने लीगमध्ये एकही गोल केला नाही. चांगली निवड करण्याची सवय सुटली तेव्हा क्लब घसरत गेला, २०२३ मध्ये खाली उतरला. धडा घ्यायचा तर हा घ्या.

गावच्या पोरांचा मुद्दाही आमच्या प्रतिपक्षींनी नीट पाहिलेला नाही. ब्रायटनमध्येच जन्मलेला लुईस डंक २०१० पासून पहिल्या संघात आहे आणि कर्णधार झाला आहे. ब्लूम यांचे आजोबा याच क्लबचे उपाध्यक्ष होते. पेठेचा अभिमान मिरवणाऱ्या कोल्हापुरी फुटबॉलमध्येही आज बाहेरचे खेळाडू उतरतात, म्हणून पेठ हरवली असे तिथे कोणी म्हणत नाही. गाव जपायचे म्हणजे गावाचा क्लब जिवंत ठेवायचा. १९९७ मध्ये जुने मैदान सोडावे लागले. ३ मे रोजी हेरफर्डशी १-१ बरोबरी साधून, निव्वळ अधिक गोल केल्यामुळे, ब्रायटन फुटबॉल लीगमध्ये टिकले आणि मग दोन वर्षे सत्तर मैलांवरच्या जिलिंगहॅममध्ये ‘घरचे’ सामने खेळले. त्यानंतर अॅथलेटिक्सच्या मैदानावर बारा वर्षे. त्या अवस्थेतून २०११ मध्ये स्वतःचे स्टेडियम, २०१७ मध्ये प्रीमियर लीग आणि तेव्हापासून आजतागायत तिथेच. ज्या प्रेक्षकांनी जिलिंगहॅमचे हेलपाटे घातले, त्यांना दुकानाचे गिऱ्हाईक म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

मग मध्यम क्लबाने करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. चांगला माणूस जाणार, हे गृहीत धरून कारभार करायचा. मैदानावरच्या प्रत्येक जागेसाठी आणि कचेरीतल्या प्रत्येक पदासाठी पुढची नावे तो जाण्याआधीच ठरलेली हवीत. नवा खेळाडू लगेच भट्टीत न टाकता लोनवर पाठवून वर्षभर घडवायचा. खेळण्याची पद्धत क्लबची असावी, मॅनेजर तिला साजेसा शोधावा. विकायचे ते आपल्या वेळेला, खेळाडूच्या किंवा गिऱ्हाइकाच्या घाईने नाही. आणि निकाल वाईट असले तरी खेळ बरोबर असेल, तर धीर सोडायचा नाही. यात कोणतेही गुपित नाही. कठीण आहे ते एवढेच की हे दरवर्षी, न कंटाळता करावे लागते, आणि त्यासाठी करंडक मिळत नाही.

मोठ्या क्लबांकडे चुका पचवण्याइतका पैसा असतो, मध्यम क्लबाकडे तो नसतो. त्याला टिकायचे तर तयारी हाच एक मार्ग आहे, आणि ब्रायटनने तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालून दाखवला आहे. यापुढे कोणत्याही क्लबाची परीक्षा करायची असेल तर त्याने कोणाला घेतले हे विचारू नका. त्याचा सर्वोत्तम माणूस गेल्यानंतरच्या हंगामात तो कितवा आला, हे पाहा.