अलिप्ततेचा भ्रम

कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाची नियंत्रणयंत्रणा बाह्य जगापासून अलिप्त आहे, तेव्हा सायबर हल्ला शक्यच नाही, असे २९ ऑक्टोबर २०१९ रोजी छातीठोकपणे सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाला प्रशासकीय संगणकात घातक संगणकप्रणाली शिरल्याची कबुली द्यावी लागली! ‘सर्ट-इन’च्या ध्यानात हे ४ सप्टेंबरलाच आले होते. संयंत्राला झळ पोहोचली नाही, असे महामंडळ म्हणते. ठीक. पण अलिप्त तर इराणचे नतान्झही होते! पेन ड्राइव्हवरून पसरणारा ‘स्टक्सनेट’ तेथील सीमेन्सच्या नियंत्रकांत शिरला, सेंट्रिफ्यूजची गती बिघडवीत राहिला. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर मात्र सारे आलबेल. हे २०१० साली जगजाहीर झाले. तरी नऊ वर्षांनी आमच्या अधिकाऱ्यांची तीच पोपटपंची! संयंत्रात शिरणाऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपची झडती कोण घेतो, एवढे तरी ते सांगतील काय?