लाटणे मोर्चा ते लोकसभा : बुजलेली वाट

२०२४च्या लोकसभा निवडणुकीआधी कुर्ल्याच्या एका वस्तीत आम्ही मतदारयादी घेऊन बसलो होतो. गळलेली नावे शोधायची, अर्ज भरून द्यायचे, असे काम चालले होते. बोलता बोलता एकीने विचारले, "ताई, आमच्याकडं खासदार बाईच असते. मग आपल्यातली कुणी का नाही उभी राहत?" दुसरी लगेच म्हणाली, "तिकीट कोण देणार? आणि पैसा कुठून आणणार?" सगळ्या हसल्या आणि कामाला लागल्या. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

हा मतदारसंघ म्हणजे उत्तर मध्य मुंबई. त्याचा इतिहास काढून पाहिला तर त्या बाईचे म्हणणे अर्धे खरे आहे. २००९पासून २०२४पर्यंतच्या चारही निवडणुका इथे बायकांनी जिंकल्या. पण ही काही पहिली वेळ नव्हे. १९७७ साली इथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर निवडून आल्या. १९८० साली देशभर इंदिरा काँग्रेस परत आली, तेव्हाही इथे जनता पक्षाच्या प्रमिलाताई दंडवते जिंकल्या. त्याआधी, १९७४च्या पोटनिवडणुकीत, मध्य मुंबईच्या गिरणी भागातून कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे लोकसभेत गेल्या होत्या.

या बायका कुठून आल्या, हे महत्त्वाचे आहे. अहिल्याताई आणि प्रमिलाताई दोघीही आधी मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या. १९७२च्या सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तेल, साखर, रॉकेल, रेशन यांसाठी चाळीचाळींतून बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणालताई गोऱ्यांबरोबर या दोघीही पुढे होत्या. आणीबाणीत त्यांनी तुरुंग भोगला. १९७७ साली मृणालताईही उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या. म्हणजे वॉर्ड, मोर्चा, तुरुंग आणि मग संसद, अशी ती वाट होती. मत मागायला आलेल्या उमेदवाराला बायका आधीच ओळखत होत्या. रॉकेलच्या रांगेत तिच्याबरोबर त्या भांडलेल्या होत्या.

पुढे काय झाले? १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४. सलग सात निवडणुका इथे पुरुषच निवडून आले. शरद दिघे दोनदा, विद्याधर गोखले, नारायण आठवले, रामदास आठवले, मनोहर जोशी आणि एकनाथ गायकवाड. काँग्रेस, शिवसेना, रिपब्लिकन, पुन्हा शिवसेना, पुन्हा काँग्रेस. पक्ष बदलत राहिले, बाई मात्र आली नाही. आणि हीच ती वर्षे, जेव्हा आपली चळवळ मुंबईत सर्वांत जोमात होती! मथुरा प्रकरणानंतर बलात्काराचा कायदा बदलायला लावला, हुंड्याच्या प्रश्नावर ४९८-अ आले, कौटुंबिक हिंसेवर काम उभे राहिले. कायदे बदलले, पण कायदे करणाऱ्या सभागृहात आपल्यातली कुणी पोचली नाही.

२००९ साली मतदारसंघाच्या सीमा बदललेल्या होत्या. धारावी बाहेर गेली. पार्ले, चांदिवली, कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व आणि पश्चिम असा नवा नकाशा झाला. तेव्हा प्रिया दत्त आल्या. २०१४ आणि २०१९ साली पूनम महाजन आल्या. २०२४ साली पक्षाने महाजनांना पुन्हा तिकीट न देता उज्ज्वल निकमांना उभे केले आणि काँग्रेसच्या वर्षा गायकवाड १६,५१४ मतांनी निवडून आल्या. तिघींचेही वडील खासदार होते.

इथे घाईने बोट दाखवण्याचा मोह टाळूया. रोझाताई डांग्यांची मुलगी, अहिल्याताई बी. टी. रणदिव्यांची बहीण, प्रमिलाताई मधू दंडवत्यांच्या पत्नी. घरातले राजकारण तेव्हाही होतेच. वर्षाताईंनीही लोकसभेआधी धारावीतून चारदा विधानसभा जिंकली होती. म्हणून कुणाची मुलगी हा आपला आक्षेप नाही. आपला प्रश्न असा की, जिचे घर राजकारणातले नाही तिच्यासाठी दुसरी वाट उरली आहे का?

ती वाट कुणी बुजवली? गिरणी संपानंतर कामगार वस्ती विखुरली आणि तिच्याबरोबर तिथली संघटनाही. निवडणूक महाग झाली. आज लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादाच ९५ लाखांची आहे. पक्षांनी तिकिटाच्या वेळी कार्यकर्तीला सतरंज्या उचलायला ठेवले. हे सगळे खरे. पण मैत्रिणींनो, थोडे आपणही पाहू. स्वायत्त राहायचे, पक्षांपासून दूर राहायचे, असे आपण ठरवले. त्याला कारणे होती आणि ती खोटी नव्हती. पक्षात गेलेल्या मैत्रिणींना गप्प बसवलेले आपण पाहिले होते. पण पक्षापासून दूर राहता राहता आपण निवडणुकीपासूनच दूर गेलो. मतदारांचा जाहीरनामा आपण काढतो, उमेदवार मात्र तयार करत नाही.

आता वेळ थोडा आहे. महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ साली प्रथम आले, २०१० साली राज्यसभेत मंजूर होऊन अडकले आणि अखेर सप्टेंबर २०२३मध्ये संमत झाले. मंजूर करतानाच त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट जोडली गेली. २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ बायका निवडून आल्या, महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. मुंबईच्या सहा जागांपैकी फक्त ही एक. तिसरा हिस्सा राखीव होईल त्या दिवशी पक्ष बायका कुठे शोधतील? घरातच शोधतील, कारण बाहेर कोण आहे हे त्यांना आपण कधी दाखवलेच नाही.

आणि बाहेर बायका आहेत. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा २०११पासून राखीव आहेत. मुंबईत किती जणींनी नगरसेविका म्हणून पाच-पाच वर्षे गटार, पाणी, शाळा, दवाखाना यांची कामे केली! मुदत संपली, वॉर्ड खुला झाला, की त्या घरी. मार्च २०२२मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तर काही वर्षे प्रशासकाचेच राज्य होते. शिडीची ती पायरीही काढून घेतलेली.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या वॉर्डातल्या आजी-माजी नगरसेविकांची, रेशन आणि पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या बायकांची यादी करावी. त्यांना सभेला बोलवावे, अंदाजपत्रक वाचायला एकत्र बसावे. त्यांच्यासाठी निधी कसा उभा करायचा, हे आताच ठरवावे. पक्षांकडे मागण्यांचे पत्र नेतो तेव्हा त्याला नावांची यादीही जोडावी. आपल्या गटात यावर मतभेद होतील, होऊ देत. ते लिहून कळवा, पुढच्या अंकात छापू.

कुर्ल्याच्या त्या बाईला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा तिला एकच विचारणार आहे : तू उभी राहशील का?